वर्डमध्ये ४१२ ओव्या इकडच्या तिकडं हलवायच्यात, एक कट केली अन् गायबच झाली, काय करावं?

औसा टायपिंग
नमस्कार मंडळी. मी औशात घरीच टायपिंगची कामं घेते, अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिकेचा मजकूर असलं रोजचं. ह्या वेळी काम जरा वेगळं आलंय आणि मला ते चांगलं करायचंय म्हणून इथं विचारायलेय. जवळच्या गावात एक रिटायर गुरुजी आहेत, त्यांनी नोकरीत असताना गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून तीन वह्यांत उतरवून ठेवल्यात. त्यातल्या बहुतेक बाया आता राहिल्या नाहीत. वह्यांचे कोपरे वाळवीनं खाल्लेत, म्हणून गुरुजी म्हणले की आता हे कॉम्प्युटरवर घ्या बाई.

मी वहीत जशा होत्या तशा ओळीनं सगळ्या टाइप केल्या, ९६ पानं झाली, ओव्या ४१२. आता गुरुजींना त्या विषयानं लावून पाहिजेत. भावाच्या एकीकडं, लेकीच्या एकीकडं, माहेर, पंढरी, सीतेच्या, जात्याच्या स्वतःच्या, असे नऊ भाग. मग मी काय करायलेय, ६१ व्या पानावरची भावाची ओवी सिलेक्ट करते, कंट्रोल एक्स, मग माऊसचं चाक फिरवत फिरवत १२ व्या पानावर येते, जागा शोधते, कंट्रोल व्ही. परत ६१ वर जायचं तर कुठं होते तेच कळंना. दिवसाला ३० बी होईनात.

आणि परवा घात झाला. एक ओवी कट केली, तेवढ्यात गुरुजींचा मेसेज आला एका शब्दाच्या दुरुस्तीचा, तो व्हॉट्सअॅपवरून कॉपी केला, फाइलीत टाकला, सेव्ह केलं, लाइट जाईल म्हणून बंद केलं. संध्याकाळी मोजल्या तर ४११. भाऊ मूळ म्हणून, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला येतो, बैलांच्या घुंगरांचा आवाज बहिणीला लांबूनच वळखू येतो, ती ओवी. पहिली ओळ मला आठवते, दुसरीतला एक शब्द आठवंना. दुसरी वही गुरुजींकडं परत गेली आणि गुरुजी लेकाकडं पुण्याला गेलेत महिनाभर, घराला कुलूप.

तर एक, ती ओवी फाइलीतून परत निघंल का. दोन, हलवायची कुठली नीट पद्धत आहे का. तीन, काही ओव्या दोन्ही भागांत बसतात, भावाची बी आहे आणि माहेराची बी, तर दोन्हीकडं ठेवू का. आणि चार, पेस्ट केल्यावर कधी कधी अक्षर बारीक होतं आणि फॉन्टच बदलतो, ते कामून होतंय?

नांदेड डीटीपी
ताई, आधी ओवीचं बोलू. कट केलेलं जिथं जातं तो क्लिपबोर्ड, आणि साधा क्लिपबोर्ड एका वेळी एकच गोष्ट धरतो. तुम्ही मेसेज कॉपी केला त्या क्षणी आतली ओवी बाहेर फेकल्या गेली. फाइल उघडी असती तर कंट्रोल झेड दाबत दाबत मागं गेलं की परत आली असती, पण वर्ड बंद केलं की ती मागची यादी संपली. फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात असेल तर व्हर्जन हिस्टरीत जुनी प्रत मिळंल, नुसती डेस्कटॉपवर असेल तर अवघड आहे. पण थांबा, ही फाइल तुम्ही आधी कुणाला पाठवली होती का? प्रिंटला, गुरुजींना, मेलवर, कुठंबी? सगळ्यात आधी ते बघा, आमच्या दुकानात हरवलेलं निम्मं काम गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधूनच परत सापडतं.

आता पुढच्यासाठी. आत्ताच्या आत्ता विंडोजचं बटण आणि व्ही दाबा, पहिल्यांदा ते 'टर्न ऑन' विचारंल, चालू करा. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटी आली. त्यानंतर कट किंवा कॉपी केलेल्या मागच्या २५ गोष्टी यादीत दिसतात, पाहिजे ती निवडून टाकता येते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की यादी पुसल्या जाते, पिन केलेलं तेवढं राहतं, म्हणून हिच्यावर रात्रभर भरोसा ठेवायचा नाही. वर्डचा स्वतःचा पण क्लिपबोर्ड आहे, होम टॅबवर पेस्टच्या खाली कोपऱ्यात बारीक बाण असतो तो दाबला की डाव्या बाजूला पट्टी उघडते, तिच्यात २४ राहतात.

पण तुमच्या कामाला खरी चीज वेगळी आहे, तिला स्पाइक म्हणतात आणि वर्ड वापरणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना बी ती माहीत नसंल. किराणा दुकानात पावत्या खोचायला उभी तार असते ना, एकावर एक टोचत जायचं, अगदी तसंच. पहिली भावाची ओवी सिलेक्ट करा, कंट्रोल एफ३. ती उचलल्या जाते. खाली जा, दुसरी भावाची सिलेक्ट करा, कंट्रोल एफ३. तिसरी, चौथी, विसावी. वर खाली पळायचं कामच नाही, वरून खाली एकदाच जायचं. सगळ्या गोळा झाल्या की भावाच्या मथळ्याखाली कर्सर ठेवा आणि कंट्रोल शिफ्ट एफ३. सगळ्या, ज्या ओळीनं उचलल्या त्याच ओळीनं, एकदम तिथं. मधात कुणाचा मेसेज कॉपी केला तरी फरक पडत नाही कारण स्पाइकचा क्लिपबोर्डशी संबंधच नाही. लॅपटॉपवर एफ३ नं आवाज कमीजास्त होत असेल तर सोबत एफएन बटण दाबावं लागंल.

एकच करा, सुरू करायच्या आधी फाइलीची दुसरी प्रत काढा, नाव द्या 'वहीप्रमाणे मूळ', आणि तिला हातच लावू नका.

परभणी टायपिंग क्लास
मी टायपिंगच्या परीक्षेची मुलं शिकवतो, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची. मुलांचं टायपिंग सुटतं, पण मजकूर हलवायला सांगितला की हमखास अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं. म्हणून आधी हे विचारतो, तुम्ही ओवीच्या प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबलाय ना? वर्डच्या दृष्टीनं एंटर दाबला की परिच्छेद संपला. म्हणजे तुमची तीन ओळींची ओवी ही त्याच्यासाठी तीन वेगळे परिच्छेद आहेत, आणि हलवताना एखादी ओळ मागं राहते ती त्यामुळेच. ओवीच्या आतल्या ओळींना शिफ्ट एंटर पाहिजे आणि ओवी संपल्यावरच एंटर. होम टॅबवर उलट्या पी सारखं चिन्ह आहे ते दाबलं की कुठं एंटर आहे आणि कुठं शिफ्ट एंटर ते डोळ्यांना दिसतं. एंटरच्या जागी ते उलटं पी येतं, शिफ्ट एंटरच्या जागी डावीकडं वळलेला बाण.

आता ४१२ ओव्यांत हातानं बदलत बसू नका. दोन ओव्यांच्या मध्ये तुम्ही एक रिकामी ओळ सोडली असेल तर रिप्लेसमध्ये जा, मोअर दाबा, खाली स्पेशल बटण आहे त्यात पॅराग्राफ मार्क मिळतो. आधी लागोपाठ दोन पॅराग्राफ मार्क शोधून त्याच्या जागी एखादं न वापरलेलं चिन्ह टाका, समजा दोन चांदण्या. मग उरलेला प्रत्येक पॅराग्राफ मार्क बदलून मॅन्युअल लाइन ब्रेक करा, तोही त्याच स्पेशलमध्ये आहे. शेवटी दोन चांदण्यांच्या जागी एक पॅराग्राफ मार्क. तीन वेळा रिप्लेस ऑल, पाच मिनिटांत प्रत्येक ओवी अखंड एक परिच्छेद होते.

याचा फायदा बघा. ओवीत कुठंही तीनदा क्लिक केलं की आख्खी ओवी सिलेक्ट. आणि सिलेक्ट न करताच, कर्सर नुसता ओवीत ठेवून आल्ट शिफ्ट आणि वरचा बाण दाबला की ती ओवी वरच्या ओवीच्या वर सरकते, खालचा बाण दाबला की खाली. एकाच भागात पुढचं मागचं लावायला यासारखं दुसरं काही नाही, मजकूर डोळ्यासमोरच राहतो, कुठं कापून ठेवला ही चिंता नाही.

लांब हलवायचं असेल तर एफ२ पण आहे. सिलेक्ट करा, एफ२ दाबा, खाली पट्टीवर कुठं हलवू असं इंग्रजीत विचारतं, जागेवर जाऊन क्लिक करा, एंटर. तोपर्यंत मूळ मजकूर जागचा हलत नाही, म्हणून मला कट-पेस्टपेक्षा हे जास्त आवडतं. शिफ्ट एफ२ केलं तर हलत नाही, दुसरी प्रत पडते. माऊसनं ओढताना पण तेच, नुसतं ओढलं की हलतं, कंट्रोल धरून ओढलं की डुप्लिकेट. उजव्या बटणानं ओढलं तर सोडताना तो विचारतो, इथं हलवू की इथं कॉपी करू. हात कापत असेल किंवा टचपॅड असेल तर ओढायच्या नादी लागू नका, अर्ध्यात सुटतं.

आणि नऊही भागांच्या मथळ्यांना हेडिंग १ ही स्टाइल द्या. मग व्ह्यूमधून नेव्हिगेशन पेन उघडलं की डावीकडं नऊ नावं दिसतात, नावावर क्लिक केलं की तिथं पोचलात, चाक फिरवायचं बंद. उद्या गुरुजी म्हणाले सीतेचा भाग पंढरीच्या आधी घ्या, तर पेनमधलं नाव धरून वर ओढा, त्याच्याखालच्या सगळ्या ओव्या सोबत जातात.

अंबाजोगाई प्रेसवाला
मी खिळ्यांच्या, म्हणजे सुटी धातूची अक्षरं जुळवून छापायच्या काळातला माणूस आहे. वडिलांचं ट्रेडल छपाईयंत्र होतं, मी शाळा सुटल्यावर बसून खिळे जुळवायचो. त्या वेळी एक कडवं वरचं खाली करायचं म्हणजे जुळवलेल्या ओळी दोऱ्यानं बांधून, दोन्ही हातांच्या बोटांत दाबून उचलून दुसऱ्या गॅलीत, म्हणजे ओळी ठेवायच्या तबकात न्यायच्या, श्वास धरून. बोट ढिलं पडलं की सगळे खिळे जमिनीवर, मग एकेक वेचून परत आपापल्या खणात टाका आणि परत जुळवा. आणि तीच ओळ दोन ठिकाणी पाहिजे असली तर दुसऱ्यांदा जुळवायची, दुसरा इलाज नव्हता. पुढं ऑफसेट आलं तेव्हा बटर पेपरवर प्रिंट काढून कात्रीनं कापून डिंकानं चिकटवायचो, पेस्टिंगच म्हणायचो त्याला. कॉम्प्युटरवरचं कट आणि पेस्ट हे नाव त्याच कात्री-डिंकावरून आलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या प्रयोगशाळेत लॅरी टेसलर आणि टिम मॉट या दोघांनी जिप्सी नावाचा प्रोग्राम केला, त्यात कट, कॉपी, पेस्ट आजच्यासारखं होतं. टेसलर २०२० साली वारले, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्या माणसानं माझ्यासारख्यांची बोटं वाचवलीत.

बाई, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ओवी दोन ठिकाणी ठेवू नका, माझं ऐका. दोन ठिकाणी ठेवली की दुरुस्ती एकीकडं होते, दुसरीकडं राहते, आणि छापून आल्यावर एकाच ओवीची दोन रूपं दिसतात. ओव्यांत तर हा धोका जास्तच, कारण त्यांची खरोखरच वेगवेगळी रूपं असतात, एका गावात एक शब्द, पाच कोसावर दुसरा. वाचणाऱ्याला वाटंल की बाईनं असं दोन तऱ्हेनं म्हटलंय, आणि असंल ती तुमची राहिलेली दुरुस्ती. प्रत्येक ओवीला वहीप्रमाणे नंबर द्या, तो कधीच बदलायचा नाही. ओवी एका भागात ठेवा आणि दुसऱ्या भागात नुसती एक ओळ लिहा, ओवी क्रमांक २१७ माहेरच्या भागात पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या लाखाच्या वर ओव्यांना सुद्धा एकेकीला वेगळा क्रमांक आहे. एवढा पसारा सांभाळायचा तर ओवीला स्वतःची ओळख लागतेच.

आणि कुणी म्हणली, कुठल्या गावची, ते वहीत असेल तर ओवीसोबतच ठेवा. हलवताना बाईचं नाव मागं राहू देऊ नका.

संभाजीनगर एक्सेलवाला
सगळ्यांचं बरोबर आहे पण ४१२ ओव्या हातानं हलवायच्याच कशाला? परभणीच्या सरांनी सांगितलं तसं एक ओवी एक परिच्छेद करून घ्या, मग सगळं सिलेक्ट करून इन्सर्ट, टेबल, कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल, कॉलम एक. ४१२ ओळींचं टेबल होईल. डावीकडं दोन कॉलम वाढवा. पहिल्यात भागाचा नंबर, १ ते ९, दुसऱ्यात ओवीचा वहीतला नंबर. मग फक्त वाचत जायचं आणि पहिल्या कॉलमात आकडा टाकत जायचं, ही भावाची, १, ही पंढरीची, ५. संपलं की लेआउटमध्ये सॉर्ट, आधी पहिला कॉलम, मग दुसरा. एका क्लिकमध्ये सगळ्या आपापल्या भागात आणि भागाच्या आत वहीच्या क्रमानं. काही कट नाही, काही पेस्ट नाही, हरवायला जागाच नाही. मग कन्व्हर्ट टू टेक्स्ट केलं की टेबल निघून जातं.

एक खड्डा मात्र आहे आणि मी त्यात पडलेलो आहे, मतदार यादीसारख्या एका कामात. दुसऱ्या कॉलमात नंबर द्यायला वर्डचं आपोआप नंबरिंग वापरू नका. ते सॉर्ट केल्यावर नव्यानं १, २, ३ लागतं आणि मूळ नंबर कायमचा जातो. एक्सेलमध्ये १ ते ४१२ ओढून घ्या, कॉपी करा, वर्डमधला तो कॉलम सिलेक्ट करून पेस्ट करा, म्हणजे ते साधे आकडे राहतात.

जालना ग्राफिक्स
फॉन्टचं कुणी बोललं नाही म्हणून. पेस्ट केल्यावर खाली बारीक खोका येतो, त्यात तीन पर्याय असतात, मूळचं जसंच्या तसं, इथल्या मजकुरासारखं, आणि नुसता मजकूर. एकाच फाइलीत हलवताना शेवटचा घ्या, कीप टेक्स्ट ओन्ली. अक्षर बारीक होतं ते कारण वर्डमध्ये इंग्रजी लिपीचा फॉन्ट-साइज वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो, कंट्रोल डी दाबून बघा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून वेगळी ओळ आहे. तिथं एकदा मंगल किंवा कोकिळा जे पाहिजे ते आणि साइज टाका, स्टाइलमध्येच टाकलं तर कायमचं काम झालं.

पण सावध. गुरुजींनी आधी कुठल्या दुकानात थोडंफार श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलं असेल आणि ते तुम्ही यात आणत असाल तर टेक्स्ट ओन्ली अजिबात करू नका. त्या फॉन्टात मागं इंग्रजीचीच अक्षरं असतात, वरून फक्त मराठीचा चेहरा असतो, फॉन्ट गेला की नुसता इंग्रजी कचरा दिसतो. ते आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे मराठीच्या खऱ्या अक्षरांत करून घ्यायचं आणि नंतर एकदा वहीशी ताडून बघायचं, रफार आणि जोडाक्षरं चुकतात.

हिंगोली लिनक्स
माझ्याकडं वर्डऐवजी फुकटचं लिबरऑफिस आहे, त्यात स्पाइक नाही. परिच्छेद वर-खाली करायला कंट्रोल आल्ट आणि बाण, एफ५ नं नेव्हिगेटर उघडतो, त्यातून आख्खे भाग हलवता येतात. नुसता मजकूर पेस्ट करायला कंट्रोल आल्ट शिफ्ट व्ही. टेबल-सॉर्टची युक्ती तिथंपण चालते.

औसा टायपिंग
मंडळी, कसे आभार मानू. नांदेडच्या दादांचं वाचलं आणि रात्री साडेअकराला उठून मेल उघडला. मागच्या महिन्यात गुरुजींना वाचायला म्हणून दुसऱ्या वहीची पीडीएफ काढून इथल्या झेरॉक्सवाल्याला पाठवली होती, प्रिंट काढायला. सेंटमध्ये होती! ४३ व्या पानावर ओवी आहे. मला न आठवणारा शब्द 'सांजवात' होता. मी कितीतरी वेळ नुसती बघतच बसले.

पीडीएफमधून कॉपी करून टाकली तर वेलांट्या पुढं-मागं झाल्या आणि जोडाक्षरं फुटली, मग बाजूला ठेवून बघून बघून परत टाइप केली. तीनच ओळी होत्या.

काल सरांचं तीन वेळा रिप्लेस केलं. सहा ठिकाणी मी दोन ओव्यांत रिकामी ओळ सोडायचं विसरले होते, तिथं दोन ओव्या एक झाल्या, त्या उलट्या पी मुळं लगेच दिसल्या. मग टेबल केलं. एक्सेलवाल्या दादा, नंबर तुम्ही सांगितलं तसेच घेतले. पहिल्या कॉलमात आकडे टाकता टाकता सगळ्या ओव्या पहिल्यांदा नीट वाचून झाल्या, टाइप करताना बोटंच चालायची. स्पाइक पण करून बघितली, एफएन दाबावं लागलं, ती मी 'जातं' ह्या भागासाठी वापरणार आहे कारण त्या ओव्या कुठल्या क्रमानं घ्यायच्या ते गुरुजी फोनवर सांगणार आहेत.

प्रेसवाल्या काका, ओवी दोन्हीकडं ठेवत नाही. ३८ ओव्या दोन भागांत बसणाऱ्या निघाल्या, त्यांच्यासाठी क्रमांकाची ओळ टाकते. आणि वहीत प्रत्येक पानावर वर बाईचं नाव आणि गाव आहे, ते मी टाइप करताना पानाच्या सुरुवातीला एकदाच घेतलं होतं. सॉर्ट केलं असतं तर ती नावं ओव्यांपासून तुटली असती. आता टेबलात चौथा कॉलम केलाय नावाचा. दुसरी वही कुलपात आहे, पण पीडीएफवर नावं दिसतायत.

अंबाजोगाई प्रेसवाला
छान केलंत बाई. चौथा कॉलम भरून होईपर्यंत सॉर्टला हात लावू नका.

औसा टायपिंग
नाही लावत काका. २६० नावं भरून झालीत, १५२ राहिलीत. आत्ताच परत मोजल्या, ४१२ आहेत.